आकडा आला चौदा, पुढे काय?

भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या कर्नाटकातल्या पट्ट्यातली मराठी घरची पोरं शाळेत कन्नड शिकतात, बाजारात दखनी बोलतात आणि रात्री मोबाइलवर इंग्रजीतली ‘डिप्रेशन टेस्ट’ सोडवतात. नऊ प्रश्न, दोन मिनिटं, आणि पडद्यावर आकडा येतो : 14. खाली शेरा, ‘मध्यम नैराश्य’. मग कुणी ‘मला डिप्रेशन झालंय’ म्हणून खचतं, कुणी ‘नुसता टाइमपास’ म्हणून पुसून टाकतं.

टाइमपास म्हणणाऱ्यांचं आधी बघू. हे नऊ प्रश्न बहुतेक वेळा ‘पीएचक्यू-9’ या चाचणीचे असतात. रॉबर्ट स्पिट्झर, जॅनेट विल्यम्स आणि कर्ट क्रोएंके यांनी ती तयार केली आणि तिचा अभ्यास 2001 मध्ये प्रसिद्ध झाला. गेल्या दोन आठवड्यांत कोणता त्रास किती दिवस झाला, याला 0 ते 3 गुण, एकूण 27. चिंतेसाठी तशीच सात प्रश्नांची ‘जीएडी-7’ आहे, 2006 ची. ‘तुमच्या आवडत्या रंगावरून ओळखा तुमचं मन’ असल्या खेळांशी यांचं काही नातं नाही. ओपीडीच्या गर्दीत कुणाशी जास्त वेळ बोलायला हवं, हे डॉक्टरला कळावं म्हणून या चाळण्या आहेत. चाळणीत अडकलेला प्रत्येक दाणा खडा नसतो.

घोटाळा होतो तो टक्केवारीत. मूळ अभ्यासात 10 किंवा जास्त गुण ही रेषा धरली, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी 88 टक्के लोक सापडले आणि नसलेल्यांपैकी 88 टक्के बरोबर वगळले गेले. वाचणारा म्हणतो, ‘म्हणजे मला आजार असण्याची शक्यता 88 टक्के.’ तसं नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने 2015-16 मध्ये 12 राज्यांत पाहणी केली (त्यांत कर्नाटक नव्हतं, महाराष्ट्रही नव्हता). त्या वेळी नैराश्य असलेले प्रौढ 2.7 टक्के निघाले. हा दर धरून हजार माणसांना चाचणी द्या. आजारी 27, त्यांतले 24 सापडतील. आजारी नसलेले 973, त्यांच्यातले 12 टक्के, म्हणजे 117 जण, तरीही दहाच्या वर जातील. रेषेपलीकडे गेलेले एकूण 141, खरे आजारी 24 : साधारण सहातला एक. अर्थात रात्री एकला स्वतःहून अशी चाचणी शोधणारा आधीच त्रासात असतो, त्यामुळे अशांमध्ये हे प्रमाण जास्त असणार. पण ‘88 टक्के’ नव्हे.

मग बाकीच्यांचा आकडा चढला कशाने? झोप, थकवा आणि भूक हे नऊपैकी तीन प्रश्न तर थेट शरीराचे आहेत. तिथेच नऊ गुण मिळू शकतात. थायरॉइड, रक्तक्षय, बी-12 ची कमतरता, रातपाळी, तान्हं बाळ, नीटची तयारी. सगळ्यांनी आकडा वर जातो. ऐन काढणीत पावसानं तूर भिजली, तर कलबुर्गीच्या शेतकऱ्याला दोन आठवडे झोप लागणार नाहीच. त्याचं दुःख खरं आहे. आजार आहे की नाही, हे ते दोन आठवडे एकटे सांगू शकत नाहीत.

उलटा गैरसमज मला जास्त धोक्याचा वाटतो : ‘चारच गुण आले, सगळं ठीक.’ नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा असतो. तिथे ‘काही दिवस’ एवढंच उत्तर असलं, तरी बेरीज कितीही लहान असो, डॉक्टर आधी तिथेच थांबतो. असं उत्तर तुमचं असेल तर बेरीज सोडा. घरातल्या एकाला सांगा आणि 14416 लावा. ही ‘टेली मानस’, 10 ऑक्टोबर 2022 पासूनची सरकारी मोफत सेवा, रात्रंदिवस चालते आणि मराठीतही बोलता येतं.

आकडा बघून मेडिकलवरून गोळी आणणं तर नकोच. पीएचक्यू-9 उन्मादाबद्दल विचारत नाही. कधी अतिउत्साह, कधी खोल उदासी असा आजार असेल, तर नुसत्या नैराश्याच्या गोळीने उन्माद उसळू शकतो.

रील बघून ‘मला एडीएचडी आहे’ म्हणणाऱ्यांसाठी एकच गोष्ट : त्या निदानाला लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. यंदा फोन हातात आल्यापासून लक्ष लागत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधा.

‘आपल्याकडे कुठे आहेत डॉक्टर?’ बीदरला ब्रिम्स आणि कलबुर्गीला जिम्स ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. ‘मनोचैतन्य’ योजनेत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात; वेळ आधी विचारून जा. देशातल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा पहिला प्रयोगही याच राज्यात, बल्लारीत झाला. मनाच्या त्रासासाठी गाणगापूरला जाणाऱ्यांनी जावं. दत्ताच्या आरतीला उभं राहिल्याने मंगळवारची ओपीडी चुकत नाही.

शेवटचा गैरसमज गुप्ततेचा. मोबाइल खासगी, दवाखाना उघडा. तिथे गेलं की गावभर होतं, सोयरीक मोडते, असं लोक धरून चालतात. कायद्याच्या बाजूने बघाल तर मामला उलटा आहे. 29 मे 2018 पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, मोजके अपवाद सोडले तर, उपचार करणाऱ्यावर गुप्तता पाळण्याचं बंधन घातलंय. ज्या अनोळखी साइटवर नाव आणि फोन नंबर भरून तुम्ही नववा प्रश्न सोडवला, ती हे उत्तर कुठे ठेवते आणि कुणाला विकते, हे विचारायला तुम्ही कुणाकडे जाणार? आणि घरात सगळ्यांचा मिळून एकच फोन असेल, तर ती टेस्ट ब्राउझरच्या हिस्ट्रीत धाकट्या भावालाही सापडते.