केव्ह : आकड्यांच्या अंतरंगात नेणारे दालन

निसर्गाचे व्यापार लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही परिमाणांत चालतात. परंतु त्यांच्या अभ्यासातून साचणारी आकड्यांची रास वाचण्यासाठी शास्त्रज्ञाच्या हाती दीर्घकाळ सपाट कागद आणि सपाट पडदा एवढाच सरंजाम होता. प्रथिनाच्या रेणूतील पोकळी किंवा वादळाच्या पोटातून वर चढणारा वारा त्यावर रेखाटताना खोली गमवावी लागे, आणि गमावलेले परिमाण अभ्यासकाने कल्पनेने भरून काढावे, अशी रूढीच पडली होती.

ईव्हान सदरलँड यांनी १९६८ मध्ये मस्तकावर धारण करण्याचे दर्शनयंत्र सिद्ध करून एक वाट काढली खरी. तथापि पुढे त्या जातीची जी यंत्रे निघाली, त्यांतील बहुतेकांनी पाहणाऱ्याचे डोळे झाकून त्याला सहकाऱ्यांपासून तोडले. हा एकांतवास टाळणारे ‘केव्ह’ नामक दालन शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाच्या इलेक्ट्रॉनिक व्हिज्युअलायझेशन लॅबोरेटरीत कॅरोलिना क्रूझ-नीरा, डॅनियल सँडिन व टॉमस डीफँटी यांनी उभारले, आणि १९९२ मध्ये त्याच शहरी भरलेल्या सिग्राफ परिषदेत ते लोकांपुढे मांडले.

दालनाची प्रत्येक बाजू सुमारे १० फुटांची. तीन भिंती म्हणजे पडदेच. पाहणाऱ्याची सावली चित्रावर पडू नये, सबब त्यांवर मागील बाजूने प्रकाश टाकलेला, आणि जमिनीवरील चित्र वरून उतरवलेले. संगणक डाव्या व उजव्या डोळ्यासाठी निरनिराळी चित्रे आळीपाळीने दाखवतो, चष्म्याच्या द्रवस्फटिकी काचा त्याच तालावर उघडतात-मिटतात, आणि रेणू भिंतीवरून सुटून हवेत तरंगू लागतो. चष्म्यावरील संवेदक मस्तकाचे स्थान चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने कळवीत असल्यामुळे, अभ्यासक वाकला की दृश्यही नव्या स्थानानुसार पुन्हा रेखाटले जाते. या मापनात व्यत्यय येऊ नये म्हणून दालनाची चौकटही अचुंबकीय पदार्थाची करण्याची तजवीज ठेवावी लागली.

या यंत्राचे खरे थोरपण मला त्याच्या मोकळेपणात दिसते. येथे स्वतःचे हात दिसतात, शेजारच्याचा चेहरा दिसतो. हवामानशास्त्रज्ञाने बोट दाखवावे, गणितज्ञाने हरकत घ्यावी, आणि दोघांनी त्याच भोवऱ्याभोवती फिरून निर्णय करावा, अशी मुभा आहे. अचूक दृश्य मात्र ज्याच्या मस्तकाची नोंद होते त्या एकालाच लाभते, इतरांना ते किंचित विकृत दिसते. ही उणीव या रचनेत मूळचीच आहे. त्याच प्रयोगशाळेने २०१२ मध्ये सिद्ध केलेल्या ‘केव्ह-२’ मध्ये २४ फूट व्यासाच्या, ३२० अंशांच्या वर्तुळावर ७२ पटले मांडली असून, त्रिमितीय दृश्याशेजारीच आलेख आणि कागदपत्रे उघडी ठेवून वाद घालण्याची सोय तेथे झाली.

एकट्याने पाहिलेले इतरांनी तपासल्याखेरीज विज्ञानात सिद्ध ठरत नाही. पाहण्याच्या साधनातच त्या तपासणीची तरतूद करणारे हे दालन म्हणूनच मला विद्वत्सभेच्या योग्यतेचे वाटते.