जुन्या गाडीचे तेलपाणी
(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला शाखेच्या नियतकालिकात कविता असावी, प्रवासवर्णन असावे, फार तर एखादा समीक्षालेख असावा. त्यात इंजिन ऑइलचे काय काम, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु सकाळी आपल्या महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर जरा वेळ उभे राहावे. न्हावरे, मांडवगण, पाबळ, कवठे अशा गावांहून येणाऱ्या किती जीपगाड्या तेथे थांबतात! त्यांपैकी पुष्कळ गाड्या दुसऱ्या, नाही तर तिसऱ्या मालकाकडे आलेल्या असतात. शहरात ज्याला एस.यू.व्ही. म्हणतात त्याला आमच्याकडे सरसकट ‘जीप’च म्हणतात, आणि त्यालाही इतिहास आहे. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत जीपची जोडणी सुरू केली. पुढे १९९४ मध्ये टाटा सुमो, २००० मध्ये बोलेरो व २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली. गाड्यांची नावे बदलली, पण खेड्यातला शब्द तोच राहिला.

चार वर्षांपूर्वी वडिलांनी कांद्याच्या पैशांतून एक जुनी बोलेरो घेतली. गाडी ओळखीतूनच आली होती. विकणाऱ्याने “तेलपाणी सगळे मागच्याच महिन्यात केले आहे” असे छातीठोकपणे सांगितले होते. मीटरवर ७२ हजार किलोमीटर दिसत होते. पण ब्रेकच्या पेडलचे रबर मात्र पार गुळगुळीत झाले होते. आमच्या मिस्त्रींनी इंजिनखालचा नट काढला तेव्हा तेल धारेने न येता काकवीसारखे ओघळले. “मीटर खोटे बोलेल, माणूस खोटे बोलेल; तेल बोलणार नाही,” एवढेच ते म्हणाले. त्यानंतर सुटीच्या दिवशी त्यांच्याकडे बसून जे शिकलो, ते या लेखात मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

घसारा : अर्थशास्त्रातला आणि इंजिनातला

अर्थशास्त्रात आपण ‘घसारा’ शिकतो. यंत्राचे मूल्य वापराने व काळाने कमी होते, म्हणून दरवर्षी काही रक्कम बाजूला काढावी, असे पुस्तक सांगते. इंजिनात हाच शब्द अक्षरशः खरा होतो. धातूवर धातू घासतो आणि झिजतो. या दोहोंच्या मध्ये तेलाचा जो पातळ पापुद्रा असतो, तोच गाडीचा खरा घसारा निधी होय. तो भरला नाही तर पैसा वाचत नाही. खर्च फक्त पुढे ढकलला जातो आणि येतो तेव्हा पूर्ण इंजिन उतरवूनच येतो.

पुस्तकातल्या व्याख्येतील ‘वापराने व काळाने’ ही दोन्ही पदे येथे महत्त्वाची आहेत. गाडीच्या पुस्तिकेत तेल बदलण्याची मर्यादा किलोमीटर व महिने अशी दुहेरी दिलेली असते आणि जी आधी संपेल ती पाळावयाची असते. आपल्याकडे लोक पहिला आकडा पाहतात व दुसरा विसरतात. “गाडी तर उभीच होती, तेल कशाला बदलायचे?” असे म्हणतात. न फिरविल्याने घोडा अडतो, हे लहानपणी आपण सर्वांनी कोड्यात ऐकले आहे. घोडनदीच्या माणसाला ते निराळे सांगावयास नको. उभी गाडीही तशीच बिघडते.

इंजिनचे तेल

इंजिन ऑइल केवळ वंगण नव्हे. ते उष्णता वाहून नेते, काजळी व मळ आपल्यात धरून ठेवते आणि इंधनाच्या ज्वलनातून तयार होणारी आम्ले मारते. या कामांसाठी तेलात निरनिराळी रसायने मिसळलेली असतात. तेल जुने होते म्हणजे मुख्यतः ही रसायने खर्ची पडतात.

डब्यावर ‘१५डब्ल्यू-४०’ असे लिहिलेले असते. त्यातील डब्ल्यू म्हणजे हिवाळा. पहिला आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहते ते सांगतो. दुसरा, ते १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहते ते सांगतो. शेजारच्या दर्जाच्या अक्षरांत ‘सी’ने सुरू होणारी डिझेलची व ‘एस’ने सुरू होणारी पेट्रोलची. एप्रिल २०२० नंतरच्या बी.एस.-६ डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडविणारी गाळणी असते. तिच्यासाठी कमी राखेचे तेलच लागते, म्हणून तेथे पुस्तिकेत दिलेला दर्जा सोडून दुसरे तेल घालू नये.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. डिझेल इंजिनातले तेल भरल्यावर थोड्याच दिवसांत काळे होते. ते काळे झाले म्हणजे खराब झाले असे नव्हे. ते काजळी धरीत आहे, म्हणजे आपले काम करीत आहे. भिण्याची लक्षणे निराळी आहेत. तेल दुधट दिसले तर त्यात पाणी शिरले आहे. पट्टीवरची पातळी खाली जाण्याऐवजी वर चढत असेल तर त्यात डिझेल किंवा पाणी मिसळत आहे. अशा वेळी गाडी चालवू नये.

बहुतेक पुस्तिकांत ‘कठीण वापर’ असा एक रकाना असतो व त्यात तेल लवकर बदलण्यास सांगितलेले असते. धूळ, जादा ओझे, थांबत थांबत चालणे आणि इंजिन पुरते तापण्याआधीच संपणारे छोटे प्रवास या गोष्टी त्यात मोडतात. गावातून शिरूर, शिरूरहून गाव, उसाच्या हंगामात ट्रॅक्टरमागची धूळ आणि सातांच्या जागी अकरा माणसे! आपला नेहमीचा वापर हाच पुस्तिकेतला कठीण वापर आहे. इंजिन पुरते तापले नाही तर आत साठलेला दमटपणा उडून जात नाही व तेलातच राहतो. यास्तव आम्ही ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने ही मर्यादा ठरविली आहे. तेलाबरोबर फिल्टरही बदलतो. धुतलेल्या भांड्यात उष्टे पाणी कोण ओतील?

ब्रेक ऑइल

याला ऑइल म्हणतात, पण वस्तुतः ते तेल नव्हे. नेहमी वापरात असणारे ब्रेकचे द्रव हवेतील ओल शोषून घेतात आणि हाच त्यांचा मोठा दोष आहे. डॉट-३ या प्रतीचे नवे द्रव किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पण ओल शोषल्यावर हीच किमान मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट-४ साठी हे आकडे २३० व १५५ असे आहेत.

आता आळेफाट्यावरून कल्याणकडे निघालेली भरलेली जीप डोळ्यांसमोर आणावी. माळशेज घाट उतरताना चालक ब्रेकवर पाय ठेवूनच असतो. ब्रेक तापतात, त्यांची उष्णता द्रवापर्यंत पोहोचते, जुने द्रव उकळते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पेडल पार तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. म्हणून ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलावे, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. त्यात इंजिनचे तेल चुकूनही घालू नये. रबराच्या वायसर फुगून निकामी होतात. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या चालकांचा नियम आजही खरा आहे.

पाणी आणि कूलंट

रेडिएटरमध्ये विहिरीचे पाणी घालण्याची पद्धत आपल्याकडे फार आहे. आपल्या भागातले पाणी क्षारयुक्त असते. चहाच्या भांड्याला जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो आणि इंजिन तापू लागते. कूलंट व शुद्ध केलेले पाणी निम्मे निम्मे घातले असता गंज अडतो व उकळण्याचा बिंदूही वाढतो. साधे हिरवे कूलंट दोन वर्षांनी बदलावे. गरम इंजिनचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असते व उसळून तोंडावर येते. काढलेले कूलंट अंगणात ओतू नये, कारण ते विषारी असूनही चवीला गोड असते, आणि आपल्या दारात कुत्री, वासरे मोकळी असतात.

विसरलेली तेले

गिअरपेटी व मागचे डिफरन्शियल यांतही तेल असते, हे कित्येक मालकांना गाडी विकेपर्यंत ठाऊक नसते. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत आणखी दोन ठिकाणी, ट्रान्सफर केसमध्ये व पुढच्या डिफरन्शियलमध्ये, ते असते. पुराच्या पाण्यातून गाडी काढली असेल तर ठरलेल्या मुदतीची वाट न पाहता ही तेले तपासावीत. पाणी आत गेले असेल तर तेल दुधट दिसते. शाफ्टच्या क्रॉसला ग्रीस भरणे हे दहा मिनिटांचे काम आहे. डिझेल फिल्टरच्या तळाशी साचलेले पाणी सोडणे हे त्याहूनही सोपे. पण ते पाणी पंपात गेले तर खर्च मोठा होतो.

आमचे वेळापत्रक

गाडीच्या पुस्तिकेचा शब्द अंतिम समजावा. ती हाती नसल्यास खालील कोष्टक उपयोगी पडावे. प्रत्येक ठिकाणी ‘जे आधी येईल ते’ असे वाचावे.

१) दर आठवड्यास : इंजिन ऑइल, कूलंट व ब्रेक ऑइल यांची पातळी पाहणे.
२) दर महिन्यास : डिझेल फिल्टरमधील पाणी सोडणे, धुळीच्या दिवसांत एअर फिल्टर झटकणे.
३) ५,००० कि.मी. किंवा ६ महिने : इंजिन ऑइल व त्याचा फिल्टर, ग्रीस भरणे.
४) २०,००० कि.मी. किंवा १ वर्ष : एअर फिल्टर व डिझेल फिल्टर बदलणे.
५) ४०,००० कि.मी. किंवा २ वर्षे : कूलंट, गिअर, डिफरन्शियल व पॉवर स्टिअरिंग यांची तेले.
६) २ वर्षे : ब्रेक ऑइल.

मात्र जुनी गाडी घेणाऱ्याने यातला पहिला हप्ता मोजत बसू नये. मागच्या मालकाने काय केले याचा लेखी पुरावा नसेल तर ते झालेच नाही असे धरावे. घरी आणल्याच्या आठवड्यात सर्व द्रव व फिल्टर एकदम बदलावेत, त्या दिवसाची तारीख व मीटरचा आकडा वहीत लिहावा आणि तेथून नवे खाते उघडावे. गाडीचा मागचा हिशेब आपल्या हाती नसतो, पुढचा असतो.

काढलेल्या जळक्या तेलाविषयी थोडे लिहिणे अगत्याचे आहे. कुणी ते ओढ्यात सोडतो, कुणी बांधावर. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते. ते डब्यात साठवून गॅरेजवाल्याकडे द्यावे, म्हणजे अधिकृत पुनर्वापराकडे जाऊ शकते. आपली घोडनदी आपणच पितो.

आपल्याच तालुक्यात पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. हाताने काम करता करता शिकावे, ही त्यामागची दृष्टी. कला शाखेच्या विद्यार्थ्याने नट-बोल्ट हाती धरले तर त्याची शाखा बाटत नाही. गेल्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता आजीला पुण्याला न्यावे लागले. सत्तर किलोमीटरचा रस्ता, वर मुसळधार पाऊस. पण गाडी एका किल्लीत सुरू झाली आणि कोठेही अडली नाही. त्या रात्री वडिलांनी वहीचे नाव काढले नाही. परंतु दुसऱ्या दिवशी नव्या नोंदीसाठी त्यांनी स्वतःच पान आखून ठेवले होते.

वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी गाडी असेल त्यांनी आज संध्याकाळी एवढेच करावे : बॉनेट उघडावे, पट्टी पुसून तेल पाहावे आणि तारीख टाकून वहीत पहिली ओळ लिहावी.