उद्दिष्टे ठरतात, स्वनियंत्रण राहून जाते

व्हिएन्नात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये ‘द प्रॅक्टिस ऑफ मॅनेजमेंट’ या ग्रंथात असा विचार मांडला, की संस्थेच्या प्रत्येक विभागप्रमुखाने आपली उद्दिष्टे स्पष्ट शब्दांत ठरवावीत आणि ती संस्थेच्या व्यापक हेतूशी जोडून घेऊन काम करावे. बँका, विमा कंपन्या आणि कारखाने यांत वर्षारंभी उद्दिष्टांचे जे तक्ते भरले जातात, त्यांचा उगम बऱ्याच अंशी या विचारात सापडतो. मात्र ड्रकर यांनी त्या प्रकरणाचे शीर्षक ‘उद्दिष्टांद्वारे व्यवस्थापन आणि स्वनियंत्रण’ असे दिले होते. संस्थांनी त्यातील पहिला भाग उत्साहाने उचलला, दुसरा बाजूला ठेवला, आणि नियोजनात पुढे जे बिघाड दिसून आले, त्यांपैकी बरेचसे या वगळण्यातून जन्मले आहेत.

स्वनियंत्रण म्हणजे आपल्या कामाची मोजदाद प्रथम स्वतःच्या हाती असणे. काम कोठे अडले, कोठे मागे पडले, ही माहिती वरिष्ठाकडून ठपका म्हणून येण्याऐवजी काम करणाऱ्यालाच थेट मिळावी, म्हणजे तो वेळीच दुरुस्ती करू शकेल, असा ड्रकर यांचा आग्रह होता. जनरल इलेक्ट्रिक या कंपनीत फिरते तपासनीस प्रत्येक विभागाची पाहणी करीत, पण त्यांचा अहवाल कंपनीच्या अध्यक्षांकडे न जाता त्या विभागाच्या प्रमुखाकडेच जात असे, हे उदाहरण ते या संदर्भात देतात. त्यांनी वर्णिलेली आणखी एक पद्धत आजही अनुकरणीय आहे. प्रत्येक अधिकाऱ्याने वर्षातून दोनदा वरिष्ठाला पत्र लिहावे. वरिष्ठाची उद्दिष्टे आपल्याला कशी समजली आहेत, त्यातून आपली उद्दिष्टे कोणती ठरतात, आपले काम कोणत्या कसोट्यांवर मोजले जावे, आणि वरिष्ठाच्या कोणत्या वागण्याने मदत होते व कोणत्या वागण्याने अडथळा येतो, हे सारे त्यात मांडावे. उद्दिष्ट खालून वर जाते ते असे, आणि अडथळ्यांविषयीचा शेवटचा भाग तर आजच्या कोणत्याही मूल्यमापन अर्जात क्वचितच आढळेल.

उद्दिष्टांमुळे काम खरोखर वाढते का, या प्रश्नाचे उत्तर मानसशास्त्राने दिले आहे. एडविन लॉक आणि गॅरी लॅथम यांच्या संशोधनाचा निष्कर्ष असा, की ‘जमेल तितके करा’ या सूचनेपेक्षा नेमके आणि अवघड, परंतु स्वीकारलेले उद्दिष्ट अधिक चांगली कामगिरी घडवते. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात लाकूड वाहणारे ट्रक कायद्याने मान्य असलेल्या वजनाच्या सुमारे ६० टक्केच भरले जात असत. चालकांसमोर ९४ टक्क्यांचे उद्दिष्ट ठेवताच, कोणताही जादा मोबदला न देता, हे प्रमाण काही महिन्यांत ९० टक्क्यांच्या घरात पोहोचले. येथे एक गोष्ट विसरता कामा नये: ट्रकचे वजन मोजले म्हणजे कामाचा जवळजवळ सारा आशय मोजला जातो. शिक्षण, आरोग्य किंवा बँकेतील ग्राहकसेवा यांचे तसे नाही. तेथे जे मोजता येते ते हेतूचा एक लहानसा अंश असते, आणि उद्दिष्टाचा जोर जितका वाढवावा तितका तो अंश मूळ हेतूची जागा घेऊ लागतो.

याचा सर्वांत वेदनादायक पुरावा भारतातच आहे. कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम देशात १९५२ पासून सुरू होता आणि साठीच्या दशकात त्याला वार्षिक उद्दिष्टांची चौकट आली. आणीबाणीच्या काळात, १९७६–७७ या वर्षासाठी, सुमारे ४३ लाख नसबंदी शस्त्रक्रियांचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात ८१ लाखांहून अधिक झाल्या. कागदावर हे अभूतपूर्व यश होते. त्यामागे मात्र शिक्षक आणि महसूल कर्मचाऱ्यांना वाटून दिलेले आकडे, रोखलेले पगार आणि माणसांना शस्त्रक्रियेसाठी धरून आणण्याचे प्रकार होते, आणि अविवाहितांवरही शस्त्रक्रिया झाल्याचे नंतर आणीबाणीतील गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शाह आयोगापुढे आले. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले, ज्याला राष्ट्रपतींची मंजुरी न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही. या दडपशाहीने लोकांच्या मनात जी भीती बसली, तिच्यामुळे पुढच्याच वर्षी शस्त्रक्रियांची संख्या दहा लाखांच्याही खाली आली. ज्या कार्यक्रमाचा पाया लोकांचा विश्वास हा होता, तोच आकड्यांच्या हव्यासाने खचला. अखेर एप्रिल १९९६ मध्ये केंद्र सरकारने वरून लादलेली गर्भनिरोधनाची उद्दिष्टे देशभर रद्द केली आणि गरजेचा अंदाज गावपातळीवर घेण्याचे धोरण स्वीकारले.

खासगी क्षेत्राने यातून फारसा धडा घेतला नाही. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेने प्रत्येक ग्राहककुटुंबाला आठ सेवा विकण्याचे लक्ष्य ठेवले, आणि कर्मचाऱ्यांनी ग्राहकांच्या नकळत लक्षावधी खाती उघडली. सप्टेंबर २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला, तोवर सुमारे ५,३०० कर्मचारी कामावरून काढले गेले होते, आणि पुढच्या महिन्यात मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना पायउतार व्हावे लागले. काढलेल्यांपैकी बहुतेक जण अगदी खालच्या पदांवरचे होते, ही बाब विचारात घेण्यासारखी आहे.

तथापि उद्दिष्टे नकोतच, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. कोकण रेल्वेचे उदाहरण याच्या विरुद्ध साक्ष देते. जुलै १९९० मध्ये स्थापन झालेल्या या महामंडळाने ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते मंगळूरजवळील ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग पाच वर्षांत पूर्ण करण्याचे ठरवले होते. काम महाड, रत्नागिरी उत्तर, रत्नागिरी दक्षिण, कुडाळ, पणजी, कारवार आणि उडुपी अशा सात विभागांत वाटले गेले. प्रत्येक विभागात साधारण १०० किलोमीटरचा टप्पा आणि त्याचा प्रमुख म्हणून एक मुख्य अभियंता. उरलेले दिवस दाखवणारी उलटी घड्याळे कामाच्या ठिकाणी लावलेली असत. स्वतःच्या टप्प्याची प्रगती स्वतःच्या डोळ्यांसमोर असावी आणि तिच्यावर निर्णय घेण्याचा अधिकारही तेथेच असावा, हा ड्रकर यांचाच विचार होता, जरी त्यांचे नाव तेथे कोणी घेतले नसले तरी. ठरलेली तारीख पाळली गेली नाही. गोव्यात मार्गाच्या आखणीवरून आंदोलन होऊन काम खोळंबले, पेडण्याच्या बोगद्यात मऊ, पाणथळ मातीने अभियंत्यांची कसोटी पाहिली, आणि संपूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी खुला झाला. म्हणजे तारीख चुकली, पण तारखेसाठी कामाचे स्वरूप विकृत करण्यात आले नाही; योजना वास्तवाप्रमाणे बदलत गेली आणि हेतू जागचा हलला नाही.

उलट, उद्दिष्टाचा पगारवाढीशी थेट सांधा जोडला, की माणसे सोपी उद्दिष्टे मागतात किंवा आकडे सजवतात. इंटेल या कंपनीत अँडी ग्रोव्ह यांनी रुजवलेली आणि १९९९ मध्ये गूगलने स्वीकारलेली ‘उद्दिष्टे आणि मुख्य निष्पत्ती’ ही पद्धत म्हणूनच असा सरळ सांधा टाळते. आपल्या सरकारी कार्यालयांना परिचित असलेली मार्चअखेरची धावपळ, म्हणजे निधी परत जाऊ नये म्हणून घाईने केलेला खर्च, हेही आकड्याने मूळ हेतूची जागा घेण्याच्या त्याच रोगाचे लक्षण आहे.

एप्रिलमध्ये नव्या वर्षाचे तक्ते भरले जातील. त्याआधी प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या हाताखालच्या सहकाऱ्यांकडून ड्रकर यांनी सुचवलेले ते पत्र मागवावे, आणि आपल्या कोणत्या वागण्याने त्यांच्या कामात अडथळा येतो हा भाग सर्वांत आधी वाचावा.