आकडे वाजवून घ्यावेत

पितळेच्या भांड्यांसाठी भंडारा नावाजलेले आहे. चकाकते ते सारे सोने नव्हे, हे येथील गृहस्थास निराळे शिकवावयास नको. परंतु ज्या घरचा मुलगा अथवा सून कर्ज काढून दातांचा दवाखाना थाटते, तेथे हल्ली जाहिरात-संस्थांची माणसे येतात व 'तीन महिन्यांत रोगी दुप्पट' असे दाखले पुढे करतात. त्यांची पारख कशी करावी, एवढेच आम्ही येथे सांगणार आहोत.

प्रथम, संख्या कशाची हे विचारावे. समजा, चौकशीचे शंभर फोन आले, त्यांतील वीस जण दवाखान्यात आले व आठांनी उपचार पुरे केले. तर यश आठांचे, शंभरांचे नव्हे. दुसरे, तुलना कोणत्या महिन्यांशी? आपला जिल्हा धानाचा. कापणी आटोपून हाती पैसा आला, की लांबणीवर टाकलेले दातांचे काम लोक आपण होऊनच काढतात. म्हणून मार्गशीर्षाची तुलना रोवणीच्या आषाढाशी न करता गेल्या मार्गशीर्षाशी करावी. तिसरे, ज्यांना लाभ झाला नाही असे दवाखाने किती, हेही पुसावे. खरी साक्ष मात्र आपल्याच रोजवहीची. प्रत्येक नव्या रोग्याने 'आमचे नाव कोणाकडून ऐकले' ते तीत नोंदवावे.

प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे रोगी ओढणे भारतीय दंत परिषदेच्या २०१४ च्या नीतिनियमांनी गैर ठरविले, हेही विसरू नये. संस्था मोबदला घेऊन मोकळी होते. बट्टा लागतो तो वैद्याच्या नावास. भांडे आपण वाजवून घेतो. आकडेही तसेच घ्यावेत.