उद्योग उभारण्यापूर्वी घ्यावयाची संमती

बीदर शहर व त्याच्या आसपासचा प्रदेश जांभ्या दगडाच्या पठारावर वसलेला आहे. या सच्छिद्र दगडातून पाणी सहज झिरपते. याच भूरचनेचा उपयोग करून बहामनी काळात नौबाद येथे सुरंग बावी ही भूमिगत जलव्यवस्था खोदण्यात आली. परंतु ज्या वाटेने पावसाचे पाणी विहिरीत उतरते, त्याच वाटेने कारखान्याचे सांडपाणीही उतरू शकते. म्हणूनच उद्योगासाठी घ्यावयाच्या संमतीकडे केवळ कागदी सोपस्कार म्हणून पाहणे योग्य नव्हे.

जलप्रदूषणविषयक अधिनियम १९७४ साली व हवेच्या प्रदूषणाविषयीचा अधिनियम १९८१ साली संमत झाला. त्यांची अंमलबजावणी राज्यात कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ करते. उपद्रवक्षमतेनुसार उद्योगांचे रंगवार गट पाडण्यात आले आहेत. साखर, सिमेंट व मद्यार्क हे उद्योग तांबड्या गटात मोडतात. कमी उपद्रवाचे उद्योग हिरव्या गटात येतात.

संमतीचे टप्पे दोन आहेत. पहिली संमती उभारणीची. ती बांधकामास हात घालण्यापूर्वी घ्यावयाची असते. दुसरी संमती उद्योग चालविण्याची. सांडपाणी व धूर यांच्या शुद्धीकरणाची योजलेली व्यवस्था प्रत्यक्ष उभी राहिल्यावर व उत्पादन सुरू करण्यापूर्वी ती घ्यावी लागते. ग्रामपंचायतीचा परवाना हाती असला तरी तो या संमतीची जागा घेऊ शकत नाही. कर्ज काढून आधी शेड बांधणारा व नंतर अर्ज करणारा उद्योजक आपले भांडवल धोक्यात घालतो. मंडळाने संमती नाकारल्यास तीस दिवसांच्या आत अपील करता येते.

कलबुर्गी जिल्ह्यातील चुनखडीवर आधारलेल्या सिमेंट उद्योगासारख्या मोठ्या प्रकल्पांना याखेरीज २००६ च्या अधिसूचनेनुसार पर्यावरणविषयक पूर्वमंजुरी आवश्यक असते. त्यांपैकी बहुतेक प्रकल्पांसाठी जाहीर जनसुनावणी घेतली जाते. तिची सूचना किमान तीस दिवस अगोदर वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होते, तसेच अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी कार्यालयात व संबंधित स्थानिक संस्थांकडे पाहावयास ठेवला जातो. ग्रामस्थांनी तो आधी वाचून अगर शिक्षकांकडून समजावून घेऊन आपले आक्षेप लेखी नोंदवावेत. सुनावणीच्या कामकाजात नोंदलेले म्हणणे निर्णय घेणाऱ्या समितीपुढे जाते. चावडीवरील तक्रार तेथवर पोहोचत नाही.