आठ पराभवांनंतर

वाऱ्याची लहानशी झुळूक आली, तरी बॅडमिंटनचे फूल आपली वाट सोडते. सोळा पिसे खोवून केलेल्या या फुलाचे वजन जेमतेम ५ ग्रॅम असते. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी पुण्यास हा खेळ खेळत, म्हणून त्यास ‘पूना’ असेही म्हणत असत. पुढे तो इंग्लंडात रुजला आणि तेथून युरोपातील इतर देशांत पसरला. उत्तरेकडील डेन्मार्क देशात हिवाळा दीर्घ आणि अंधारा असतो. अशा दिवसांत छपराखाली खेळता येणारा हा खेळ तेथील लोकांस प्रिय झाला, यात नवल नाही.

डेन्मार्कची लोकसंख्या सुमारे ६० लाख आहे. चीन, इंडोनेशिया यांसारख्या अफाट लोकसंख्येच्या देशांपुढे तो अगदी चिमुकला. तरीही बॅडमिंटनमध्ये त्याची गणना पहिल्या रांगेत होते. याचे रहस्य त्या देशाच्या बॅडमिंटन संघटनेच्या रचनेत आढळते.

ही संघटना १९३० साली स्थापन झाली. १९३४ साली नऊ संघटनांनी मिळून या खेळाची आंतरराष्ट्रीय संस्था उभारली, तीत डेन्मार्कची संघटनाही होती. गावोगावचे क्लब हे तिचे सभासद होत. क्लब सभासदांच्या वर्गणीवर चालतो. मुलांना पहिले धडे देणारे बहुधा कोणाचे तरी आईवडील किंवा क्लबातीलच थोरले खेळाडू असतात. दिवसभराचे काम आटोपून ते संध्याकाळी सभागृहात येतात आणि मुलांना रॅकेट कशी धरावी हे शिकवतात. क्लब मुलाला खेळाची गोडी लावतो. संघटना त्याला पुढची वाट दाखवते. ती स्पर्धा भरवते, शिक्षक तयार करते आणि वय व कौशल्य पाहून खेळाडूंचे गट पाडते. त्यामुळे नवख्या मुलाला आपल्याच तोडीचा प्रतिस्पर्धी मिळतो व तो हिरमुसून खेळ सोडीत नाही.

निवडक खेळाडू कोपनहेगनजवळील ब्रॉन्डबी येथे एकत्र सराव करतात. क्लबांच्या सामन्यांत जे एकमेकांचे प्रतिस्पर्धी, तेच येथे एकमेकांचे सोबती होतात. देश लहान असल्यामुळे उत्तम खेळाडू मोजकेच. ते विखुरले, तर प्रत्येकाचा खेळ खुंटेल, हे संघटनेने ओळखले आहे.

या व्यवस्थेची खरी कसोटी थॉमस चषकाच्या स्पर्धेत लागली. पुरुषांच्या राष्ट्रीय संघांची ही जागतिक स्पर्धा. १९४९ साली झालेल्या पहिल्याच अंतिम सामन्यात मलायाने डेन्मार्कला ८–१ असे हरवले. १९६४ साली टोकियो येथे इंडोनेशियाविरुद्ध विजय अगदी हाताशी आला आणि ५–४ असा निसटला. २००६ पर्यंत डेन्मार्कने आठ वेळा अंतिम फेरी गाठली आणि आठही वेळा हार पत्करली. दरम्यान खेळाडूंच्या पिढ्या बदलल्या. पहिल्या संघातील तरुण आजोबा झाले. क्लबांतील संध्याकाळचे वर्ग मात्र चालूच राहिले.

अखेर २०१६ साली चीनमधील कुनशान येथे डेन्मार्कने इंडोनेशियाचा ३–२ असा पराभव केला. थॉमस चषक युरोपात जाण्याची ती पहिलीच वेळ होती. पहिल्या पराभवास तेव्हा ६७ वर्षे लोटली होती.

एकेरीतही हे परिश्रम फळास आले. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये पॉल-एरिक हॉयर याने सुवर्णपदक जिंकले. वयाच्या सहाव्या वर्षी ओडेन्से शहरातील क्लबात रॅकेट हाती घेणाऱ्या व्हिक्टर ॲक्सेलसनने २०२१ साली टोकियो येथे व २०२४ साली पॅरिस येथे तोच मान मिळवला.

विजयाच्या क्षणी टाळ्या खेळाडूसाठी वाजतात, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या खेळाडूच्या मागे एखाद्या लहानशा गावातील सभागृह असते, आणि संध्याकाळी त्याचे दार वेळेवर उघडणारा कोणी अनाम माणूसही असतो.