व्होल्टेज टिकवायचं कुठे?

8 डिसेंबर 2010 ची पहाट. जपानमध्ये योक्काइची इथल्या तोशिबाच्या मेमरी चिप कारखान्यात व्होल्टेज अचानक खाली आलं. खेळ जेमतेम 0.07 सेकंदाचा, पण यंत्रं थांबली. पुढल्या दोन महिन्यांत माल 20 टक्क्यांपर्यंत कमी जाईल, असं कंपनीला जाहीर करावं लागलं.

बाहेरून येणारे असे झटके पेलायला यूपीएस लागतो. अनेक कारखान्यांत मात्र व्होल्टेज आतल्या आतच पडतं, आणि मोटर जळेपर्यंत त्याची दखल कुणी घेत नाही.

इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. 415 व्होल्टच्या जागी 332, म्हणजे 80 टक्के मिळाले, तर टॉर्क उरतो 64 टक्के. काम तेवढंच असल्याने मोटर जास्त करंट ओढते, तापते. त्या करंटमुळे केबलमध्ये व्होल्टेज आणखी पडतं. त्यातच शेजारची मोठी मोटर थेट सुरू केली, तर ती सुरुवातीला नेहमीच्या सहा-सात पट करंट घेते. मग कॉन्टॅक्टर सुटतात आणि चालू यंत्रंही बंद पडतात. सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी बसवला की हा धक्का बराच कमी होतो.

उरतो प्रश्न रिअॅक्टिव्ह पॉवरचा. मोटरमधलं चुंबकीय क्षेत्र टिकवायला ती लागतेच, पण लांबून आणली तर वाटेतच व्होल्टेज खाते. म्हणून ती वापराच्या जागीच पुरवायची: मोटरजवळ कपॅसिटर लावून.

कपॅसिटरलाही मर्यादा आहे. व्होल्टेज 10 टक्के घसरलं की त्याची मदत 19 टक्क्यांनी घटते, तीही नेमकी गरजेच्या वेळी. 23 जुलै 1987 ला टोकियोत हेच झालं. कडक उन्हाळा, जेवणाची सुटी संपलेली. विजेची मागणी मिनिटाला सुमारे 400 मेगावॉटने वाढू लागली. हाताशी होते ते सगळे कपॅसिटर जोडूनही व्होल्टेज घसरत गेलं आणि सुमारे 28 लाख ग्राहकांची वीज गेली. आर्क फर्नेससारख्या क्षणोक्षणी बदलणाऱ्या भारासाठी स्टॅटकॉमसारखी चपळ यंत्रणा लागते, ती याचमुळे.

उलट, रात्री मोटरी बंद असताना कपॅसिटर चालूच राहिले, तर व्होल्टेज वाजवीपेक्षा चढतं. भाराप्रमाणे कपॅसिटर आपोआप जोडणारं-तोडणारं एपीएफसी पॅनेल त्यासाठीच असतं. पण पॅनेलमधला निकामी कपॅसिटर काहीच आवाज करत नाही. कारखानदारांनी दर महिन्याला प्रत्येक कपॅसिटरचा करंट क्लॅम्प मीटरने मोजून घ्यावा आणि कपॅसिटर फुगलेला दिसला तर तो त्याच दिवशी बदलावा.